स्टेपनीकाका

आमच्या इमारतीत रात्री दिवे गेले की तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात तीन उजेड पडतात. आधी इन्व्हर्टरवरची ट्यूब लागते. ती लख्ख लागलेली असतानाच चार्जिंगचा कंदील टेबलावर येतो, कारण इन्व्हर्टरचा काय भरवसा? आणि स्वयंपाकघरात ओट्यावर मेणबत्ती तयार असते, तिच्याशेजारी काडेपेटी आणि काडेपेटीशेजारी दुसरी काडेपेटी. पहिली सादळली तर?

त्या घरात नवरा-बायको दोघंच राहतात. तिसरा राहतो तो हा ‘तर’.

घरमालकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे आणि पाटी पडली तर म्हणून पत्रपेटीवरही आहे. तरी डोंबिवलीच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे स्टेपनीकाकाच म्हणतात. नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलं. काकांच्या कानावर गेलं तेव्हा रागावायचं सोडून त्यांनी पोरांना गच्चीवर बसवलं आणि माहिती दिली. मोटारी नव्या होत्या तेव्हा त्यांना जादा चाक नसायचंच. टायर पंक्चर झाला की साहेब असो की शोफर, बाह्या सरसावून रस्त्याच्या कडेला बसायचा. १९०४ साली वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस नावाच्या भावांनी जादा चाक काढलं. त्यांचं बस्तान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून चाकाचं नाव स्टेपनी. “विलायतेत शब्द मागे पडला,” काका म्हणाले, “आपण जपून ठेवलाय. ठेवावा जवळ. लागला त्यांना तर देऊ.”

काका वीज खात्यातले. उभी हयात उपकेंद्रांत गेली. तिथे एक नियम असतो, एन वजा एक. म्हणजे जेवढी यंत्रं आहेत त्यातलं कुठलंही एक बसलं तरी गावाला पत्ता लागता कामा नये. नोकरीत असताना हा नियम त्यांनी उपकेंद्राला लावला आणि निवृत्त झाल्यावर संसाराला. २०१२ च्या जुलैत ३० आणि ३१ तारखेला उत्तरेकडची आणि मग पूर्वेकडचीही ग्रिड कोसळून निम्मा देश अंधारात गेला, तेव्हा आपली पश्चिमेकडची ग्रिड टिकली होती. काका ती गोष्ट अजून अशी सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या रात्री पश्चिम ग्रिडचा खांब यांनी स्वतः धरून ठेवला होता.

त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर दोन घड्याळं आहेत. दोघांत चार मिनिटांचं अंतर. काकांना वेळ विचारली की ते दोन्हींकडे बघतात, मनात काहीतरी करतात आणि सांगतात, “सात वाजून बावीस.” ही वेळ दोन्ही घड्याळांत नसते. चष्मे तीन, त्यातला एक बाकीचे दोन शोधण्यासाठी. घराची जादा किल्ली आमच्याकडे असते, आणि आम्ही गावाला गेलो तर म्हणून आमच्या घराची किल्ली काकांकडे असते, जेणेकरून त्यांची किल्ली हरवली तर ती आमच्या घरातून काढता यावी. आमची किल्ली ते कुठे ठेवतात? स्वतःच्या घरात.

काकू या सगळ्यात शांतपणे भाजी चिरत असतात. एकदा मी विचारलं, “काकू, तुम्हांला त्रास होत नाही?” त्या म्हणाल्या, “मला कसला? या घरात जिची स्टेपनी नाही अशी मी एकटीच आहे. मान आहे माझा.”

असा माणूस समुद्राच्या तळाशी जाण्याच्या नादाला लागला कसा, हे सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं होणार नाही.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात आम्ही दोन कुटुंबं तारकर्लीला गेलो. काकांनी कोकणकन्येचं आरक्षण केलं होतं आणि तुतारीचंही. एक रद्द करून कापले गेलेले पैसे त्यांच्या डायरीत ‘विमा’ या सदरात जातात. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना पाण्याखाली नेतात, तो प्रकार त्यांनी केला. म्हणजे आपण काही करायचं नसतं. पाठीवर सिलिंडर, तोंडात रेग्युलेटर, कमरेला शिसं, आणि मागून मालवणी पोरगा बोचकं धरावं तसा आपल्याला धरून चार-सहा मीटर खाली फिरवतो. माशांबरोबर फोटो निघतो. बाहेर आल्यावर लोक मासे किती रंगीत होते ते सांगतात. काका होडीवर आले, तोंड पुसलं आणि म्हणाले, “ते तोंडात धरायचं एकच होतं?”

पोरग्यानं निमूटपणे त्यांच्या सिलिंडरची दुसरी नळी दाखवली. पिवळ्याजर्द नळीच्या टोकाला आणखी एक रेग्युलेटर. “ह्येका ऑक्टोपस म्हणतत. पयलो बंद पडलो, नायतर जोडीदाराची हवा सपली, तर ह्यो.”

काकांनी ती पिवळी नळी हातात घेतली. आयुष्यभर लोक ज्या गोष्टीला हसले, ती इथे नियमात होती. सिलिंडर विकतानाच स्टेपनीसकट! आणि पुढे त्या पोरग्यानं सांगितलं की रीतसर शिकलात तर एकट्यानं डुबायचंच नसतं, प्रत्येकाला एक जोडीदार असतो, त्याला बडी म्हणतात. म्हणजे माणसाचीसुद्धा स्टेपनी. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी नेमला गेलो.

वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांनी तारकर्लीला कोर्स पुरा केला. डॉक्टरचा दाखला लागतो, त्यांनी दोन डॉक्टरांचे नेले. दोघांचं एकमत झालं याचा त्यांना थोडा संशयही आला.

आता इथे थोडं थांबून पाण्याखालच्या उपकरणांबद्दल सांगायला हवं, कारण काकांचा पुढचा सगळा छळवाद त्यांच्याभोवती फिरतो.

खाली गेल्यावर दोन हिशेब ठेवावे लागतात. पहिला हवेचा. सिलिंडरात साधारण २०० बार दाबानं हवा भरलेली असते, आणि ती किती उरली ते नळीला लटकवलेलं गेज दाखवतं. दर दहा मीटरला पाण्याचा दाब वरच्या हवेच्या दाबाएवढा वाढतो, त्यामुळे वीस मीटरवर तीच हवा वरच्यापेक्षा तिप्पट वेगानं संपते. पन्नास बार उरेपर्यंत होडीकडे परतलेलं असावं, ही शिस्त.

दुसरा हिशेब दिसत नाही. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात-मांसात मुरत जातो. सावकाश वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईनं आलं तर सोड्याची बाटली फटकन उघडल्यासारखे अंगात बुडबुडे होतात. हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञानं. त्यानं दाबाच्या पेटीत बोकड-शेळ्या घालून प्रयोग केले आणि १९०८ साली कोष्टकं छापली. पुढे पाणबुडे घड्याळ, खोलीचं गेज आणि कोष्टक घेऊन जात: अठरा मीटरवर छप्पन्न मिनिटं, तीस मीटरवर वीस, असा तो पाढा. १९८० नंतर मनगटी कॉम्प्युटर आले. तो आपल्याबरोबर पाण्यात उतरतो, किती खोल, किती वेळ हे क्षणाक्षणाला टिपतो आणि अजून किती मिनिटं राहू शकता ते सांगतो.

एवढं कळल्यावर आमच्या काकांनी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. त्यांनी कॉम्प्युटर तीन घेतले.

“तीन?” मी म्हणालो.

“दोन हातांवर दोन. तिसरा बॅगेत.” शिवाय डावा एका कंपनीचा, उजवा दुसरीचा. “एकाच कंपनीचे घेतले तर दोघं एकाच चुकीनं चुकतील. उपकेंद्रात आम्ही दोन रिले वेगवेगळ्या कंपन्यांचेच लावायचो.”

काकूंनी बिलं पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, “एवढ्यात मोहनमाळ झाली असती.” थोडं थांबून त्यांनीच जोडलं, “पण मग त्याही दोन आणल्या असत्या.”

मालवणच्या जेट्टीवर काका पहिल्यांदा स्वतःच्या सामानासकट उतरले, तो दिवस तिथल्या होडीवाल्यांच्या अजून लक्षात असेल. दोन मनगटी कॉम्प्युटर. छातीवर हवेचं गेज, त्याला चिकटवलेलं होकायंत्र, आणि दुसरं होकायंत्र पट्ट्याला. दोन टॉर्च. दोन मास्क, एक डोळ्यांवर, एक मांडीच्या खिशात. दोन सुऱ्या. दोन शिट्ट्या. पाण्यात लिहायची पाटी आणि तिच्या दोऱ्याला दोन पेन्सिली. प्लास्टिकवर छापलेलं ते जुनं कोष्टक. सगळं क्लिपांनी लटकवलेलं. गणपतीच्या मखराला माणूस आत घालून चालवलं तर कसं दिसेल, तसे काका जेट्टीवरून आले. म्हातारा होडीवाला विडी विझवत म्हणाला, “काका, तुमी डुबूक चललात की दुकान मांडूक?”

कमरेचं शिसं इन्स्ट्रक्टरनं दोन किलोंनी कमी केलं. लटकलेल्या सामानानंच ते काम होणार होतं.

त्याच दिवशी काका नांगराच्या दोरीला अडकले. पट्ट्याच्या होकायंत्राची क्लिप दोरीत गेली, ती सोडवायला वळले तर पाटीचा दोरा गुंतला, तो सोडवायला सुरी काढली तर शिट्टीची दोरी कापली गेली. मी आणि इन्स्ट्रक्टर दोन बाजूंनी, मधे काका बुडबुड्यांच्या ढगात, जसं लग्नाच्या मांडवात कुणी दिव्यांच्या माळेत गुरफटावं. वर आल्यावर इन्स्ट्रक्टरनं शांतपणे सांगितलं, “काका, जादा वस्तू म्हणजे बिघडूक एक वस्तू जादा.”

काकांनी हे वाक्य डायरीत लिहून घेतलं. पाण्याखालच्या पाटीवरही लिहिलं.

त्या संध्याकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर भजी खाताना काकांनी इन्स्ट्रक्टरला थेट विचारलं, “मला एकदाच खरं सांग. दुसरा कॉम्प्युटर लागतो की नाही?”

पोरगा पंचवीस-सव्वीसचा असेल. समुद्राकडे बघत बोलला. “खरां सांगू? आपण डुबतो तां उघड्या पाण्यात. डोक्यार छप्पर नाय. कॉम्प्युटर बंद पडलो तर जोडीदाराक खूण करूची, सावकाश वर येवचां, पाच मीटरार तीन मिनटां थांबाचां, आणि होडीत येवन बसाचां. हेच्यात मरूक कारण नाय.”

मग त्यानं सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. जे लोक गुहांमध्ये किंवा बुडालेल्या जहाजांच्या पोटात शिरतात, किंवा इतके खोल आणि इतका वेळ राहतात की वाटेत ठरावीक थांबे घेतल्याशिवाय वर येताच येत नाही, त्यांना मात्र सगळं दोन-दोन लागतं. हवा दोन ठिकाणी, रेग्युलेटर दोन, टॉर्च तीन, कॉम्प्युटर दोन. त्यांच्या आणि आभाळाच्या मधे एक दार आहे आणि ते बंद आहे. आपल्यासारख्या हौशी माणसाच्या आणि आभाळाच्या मधे नुसतं पाणी आहे. आपला कॉम्प्युटर मेला तर जीव जात नाही, सुट्टी जाते.

“सुट्टी कशी?”

“अंगात नायट्रोजन किती हा, तां त्या मेलेल्या कॉम्प्युटराकच ठावक. मगे चोवीस तास पाण्यात जावचां नाय.”

“आणि दुसरा हातावर असेल तर?”

“तर तो बरोबर डुबलोलो आसता. तेका ठावक आसता. तुमी डुबूक शकतास.”

काकांचा चेहरा उजळला. पण पोरग्यानं पुढे सांगितलं की बॅगेतला तिसरा काही कामाचा नाही. तो पाण्यात आलाच नाही, त्याला वाटणार काका आजच जन्माला आले. साक्षीदार घटनेच्या वेळी हजर हवा. काका गप्प बसले. एका वाक्यात त्यांना दुसरा कॉम्प्युटर मिळाला होता आणि तिसरा गेला होता.

सुट्ट्या सामानाला मात्र त्यांनी कात्री लावली. सुरी एक झाली, पाटी गेली, पट्ट्याचं होकायंत्र गेलं. दोन मनगटी कॉम्प्युटर राहिले. तिसराही बॅगेत राहिला. का, असं मी विचारलं नाही.

दोन कॉम्प्युटरांनी मात्र त्यांना सुखानं जगू दिलं नाही. दोन कंपन्या, दोन गणितं. एक जरा सढळ, दुसरा कंजूष. अठरा मीटरवर डावा म्हणे अजून एकतीस मिनिटं, उजवा म्हणे चोवीस. काका डावा हात बघत, मग उजवा, मग गेज, मग पुन्हा डावा. दुपारच्या गर्दीत फडके रोड ओलांडणारा माणूस बघतो तसे. इन्स्ट्रक्टरनं सांगितलं, कमी सांगतो त्याचं ऐकायचं. काका म्हणाले, “मग जास्त सांगणारा घेतला कशाला?” आणि पुढच्या वेळी पुन्हा दोन्ही बघायला लागले.

गेल्या वर्षी आम्ही कर्नाटकात नेत्राणीला गेलो. मुरुडेश्वरहून होडीनं समुद्रात आत जायचं. एका जागी आभाळातून टाकल्यासारखं एकटं बेट उभं आहे, आणि त्याच्या पायथ्याशी खडक, पोवळी, मासे. तिथे बारा मीटरवर एक कासव आमच्या अगदी पुढ्यातून गेलं. परातीएवढं, पाठीवर शेवाळं, म्हातारा माणूस सकाळच्या फेरीला निघावा तसं निवांत हात मारत. मी काकांचा खांदा हलवला. काकांनी बोट वर केलं: थांब. डावा एकवीस, उजवा सतरा. दोन्ही नीट वाचून त्यांनी मान वर केली तेव्हा तिथे फक्त निळं पाणी होतं.

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, “दिसलं का काही?” काका म्हणाले, “आकडे छान दिसले.” हे ते विनोदानं म्हणाले नव्हते.

लोक काकांना भित्रे समजतात. मीही समजत होतो. मग एक दिवस लक्षात आलं, भित्रा माणूस बासष्टाव्या वर्षी अठरा मीटर खाली जात नाही. तो तारकर्लीच्या वाळूत खुर्ची टाकून शहाळं पितो. काका भीतीला घरी ठेवत नाहीत, तिचं तिकीट काढून तिला बरोबर नेतात. आणि तिला परत आणायचं तिकीटही काढतात.

दुसरी एक गोष्ट लक्षात यायला जास्त वेळ लागला. इतक्या वर्षांत काकांची कुठली स्टेपनी काकांच्या कामाला आल्याचं मला आठवत नाही. ती नेहमी दुसऱ्याच्या कामाला येते. इमारतीत कुणाच्या पोराच्या परीक्षेच्या सकाळी पेन चालत नाही, काकांच्या खिशात दुसरं असतं. कुणाचा गॅस संपतो. होडीवर कुणाच्या मास्कचा पट्टा तुटतो, आणि मांडीच्या खिशातला मास्क निघतो. त्यांचं स्वतःचं सगळं वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं.

या डिसेंबरात पुन्हा नेत्राणी, मालवणचा तोच इन्स्ट्रक्टर बरोबर. दोन दिवस, चार डुबक्या. पहिल्या दिवशी सकाळी होडीवर मी भाड्याचा कॉम्प्युटर हातात बांधला आणि बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काळी पाटी. जिथून भाड्यानं आणला ते दुकान लांब मागे राहिलं होतं. मी म्हणालो, “मी होडीवरच बसतो.”

काकांनी एक शब्द न बोलता उजव्या मनगटावरचा कॉम्प्युटर सोडला आणि माझ्या हातावर बांधला. पट्टा एक भोक आत घेतला. त्यांचं उजवं मनगट उघडं पडलं. उन्हात रापलेल्या हातावर तेवढाच गोरा पट्टा. ते पुन्हा पुन्हा तिथे बघत होते, अंगठी हरवलेला माणूस बोटाकडे बघतो तसे.

पहिली डुबकी ठीक झाली. दुसऱ्या डुबकीत सोळा मीटरवर, एका खडकाच्या कपारीत मी वाम शोधत होतो, तेव्हा खांद्यावर थाप पडली. काका. त्यांनी डावा हात माझ्या मास्कसमोर धरला. कॉम्प्युटरच्या काचेआड आकडे नव्हते. पाणी होतं. आत एक बारकासा बुडबुडा इकडून तिकडे जात होता, सुताराच्या पाणसळीत जातो तसा.

मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस घाबरणार. चाळीस वर्षं ज्या दिवसाची तयारी केली तो दिवस आला होता आणि स्टेपनी माझ्या हातावर होती. काकांनी अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठा म्हणजे ‘वर जाऊ या’. मग हवेचं गेज दाखवलं: एकशे दहा. मग माझ्या कोपराला धरलं, आणि आम्ही निघालो. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगानं यायचं नसतं. आकडा माझ्या हातावर होता, पण वेग काकांनी सांभाळला. ते स्वतःच्या सर्वांत बारीक बुडबुड्यांकडे बघत होते आणि त्यांच्या मागे राहत होते.

पाच मीटरवर थांबलो. तीन मिनिटं. माझ्या हातावर उलटी मोजणी सुरू झाली, मी ती त्यांना दाखवायला हात पुढे केला. त्यांनी बघितलं नाही. डोळे मिटलेले, एका हातात नांगराची दोरी, आणि बुडबुडे ठेक्यात येत होते. चार लहान, एक मोठा. चार लहान, एक मोठा. माझ्या आकड्यावर शून्य आलं. तीन-चार सेकंदांनी काकांनी डोळे उघडले, ओळखीचं हसले आणि अंगठा वर केला.

होडीवर मी विचारलं, “खाली काय चाललं होतं?”

“मारुतिस्तोत्र,” काका म्हणाले. “फलश्रुतीसकट तीन मिनिटं चार सेकंद. घरी स्टॉपवॉच लावून सहा वेळा मोजलंय. बॅटरी लागत नाही.”

मग त्यांनी तो बुडालेला कॉम्प्युटर उघडला. नाण्यानं फिरवायचं बॅटरीचं झाकण, त्याखाली काळी रबराची बांगडी, ओ-रिंग. तिच्यावर एक पांढरा केस आडवा पडला होता. तेवढ्या फटीतून समुद्र आत आला होता. काकांनी तो केस चिमटीत धरून उन्हात बघितला. मग डोक्यावरून हात फिरवला.

“बॅटरी बदलायला कधी उघडला होता?” इन्स्ट्रक्टरनं विचारलं.

“निघायच्या आदल्या रात्री.”

“जुनी संपलेली?”

“नाही,” काका म्हणाले. “चांगली होती. पण संपली असती तर?”

होडीवर कुणी हसलं नाही. इन्स्ट्रक्टर तोंड फिरवून दोरी गुंडाळत बसला, आणि त्याचे खांदे तेवढे हलत होते.

हॉटेलवरच्या बॅगेतल्या तिसऱ्याबद्दल काकांनी एकदा विचारून पाहिलं. पोरगा म्हणाला, “तेका काय ठावक?” काकांनी मान डोलावली. नियम त्यांना पाठ होता. चोवीस तास. दुसऱ्या दिवशी सकाळच्या दोन्ही डुबक्या गेल्या.

तरी दुसऱ्या दिवशी ते होडीवर आले. माझा पट्टा त्यांनीच तपासला. आम्ही खाली गेलो, आणि काका मास्क आणि स्नॉर्कल लावून वर तरंगत राहिले. दोन्ही मनगटं उघडी. गेज नाही, होकायंत्र नाही, काही लटकलेलं नाही. खालून मी एकदा वर पाहिलं, तर उजेडात काकांची आकृती हातपाय पसरून पडली होती. इतकं हलकं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आम्हांला त्या दिवशी खाली विशेष काही दिसलं नाही. वर आलो तर काका होडीच्या कडेला धरून बोलत होते, आणि होडीवाल्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कासव वर आलं होतं. श्वास घ्यायला. त्यांच्यापासून हातभर अंतरावर त्यानं डोकं पाण्याबाहेर काढलं, फुसकन हवा सोडली, घेतली, त्यांच्याकडे एक डोळा करून बघितलं आणि सावकाश खाली गेलं. त्याच्या पापणीला सुरकुत्या होत्या. मानेखालचं कातडं पिवळसर होतं. पाठीवर तीन शंख चिकटलेले होते. किती वेळ होतं ते? मी विचारलं. काका थबकले. “नाही पाहिलं,” म्हणाले.

डोंबिवलीला परतलो तेव्हा काकूंनी दार उघडलं. किल्ली काकांच्या हातात होती, दुसरी आमच्या खिशात होती, तरी दार काकूंनीच उघडलं. चहा झाला. काका कासवाबद्दल सांगत होते, पापणीपासून शंखांपर्यंत. मग जरा गप्प झाले. कपातला तळाचा चहा हलवत राहिले.

“एकटंच होतं गं,” ते म्हणाले. “एवढा समुद्र, आणि मागेपुढे दुसरं कुणी नाही.”

काकूंनी कप उचलले.

“मग?” त्या म्हणाल्या. “बंद पडलं का?”